पाठदुखीवर कायरोप्रॅक्टिक : कोठे उपयोग, कोठे धोका

कोल्हापूर – शाहूपुरी ही शहराची जुनी व्यापारी पेठ. दिवसभर एका जागी बसून हिशेब पाहणारे व्यापारी, पाठीवरून पोती वाहणारे हमाल, कुंभार गल्लीत गणेशमूर्तींवर तासन्‌तास वाकून काम करणारे कारागीर आणि लगतच्या उद्यमनगरात यंत्रापुढे उभे राहणारे कामगार या सर्वांची एक तक्रार समान असते, ती म्हणजे पाठदुखी. कोणी ‘उसण भरली’ म्हणतो, कोणी ‘मणक्यात गॅप पडला’ असे सांगतो. उसण भरली की पायाळू व्यक्तीचा पाय पाठीला लावून घेण्याची प्रथा या भागाला नवी नाही. तालमीत वस्तादांच्या हातून अंग रगडून घेण्याची आणि लचकलेला सांधा हाडवैद्याकडून बसवून घेण्याची परंपराही जुनीच आहे. या परंपरेच्या जोडीला आता ‘कायरोप्रॅक्टिक’ हे परदेशी नाव मोबाइलवरील चित्रफितींमधून घरोघरी पोहोचले आहे. एका झटक्यात मान किंवा कंबर मोकळी करणारी ही पद्धत नेमक्या कोणत्या विकारांत उपयोगी पडते आणि कोणत्या विकारांत अपाय करू शकते, हे उपचारासाठी जाण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

उपचारपद्धतीचा उगम

राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली ती १८९५ मध्ये. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिकचा आरंभ केला. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले. हार्वे लिलार्ड या बहिऱ्या कामगाराचा मणका हाताने दाबून बसवल्यावर त्याला ऐकू येऊ लागले, असा पामर यांचा दावा होता. मणके जागेवरून किंचित सरकल्याने चेतातंतूंवर ताण येतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच उद्‌भवतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. १८९७ मध्ये त्यांनी या पद्धतीचे शिक्षण देणारी संस्थाही सुरू केली.

सर्व रोगांचे मूळ मणक्यात असते, या सिद्धान्ताला आधुनिक वैद्यकशास्त्राने पुष्टी दिलेली नाही. मात्र हाताने मणक्यांना चालना देण्याचे तंत्र काही ठरावीक दुखण्यांत आराम देते, असे पुढील काळातील चाचण्यांमधून दिसून आले. त्यामुळे या उपचाराचा विचार करताना त्याचा मूळ सिद्धान्त आणि त्याचे तंत्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

‘कट’ आवाज कशाचा?

उपचार करताना सांध्याला त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन, कमी अंतराचा पण वेगवान झटका दिला जातो. त्या वेळी येणारा ‘कट’ असा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकाएकी कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते आणि त्यातून हा आवाज उमटतो. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटे मोडताना केलेल्या एमआरआय चित्रणात ही पोकळी तयार होताना दिसली. त्यामुळे आवाज मोठा आला म्हणजे गुण अधिक येईल, किंवा आवाज आला नाही म्हणजे उपचार फसला, असे मानण्याचे कारण नाही. आराम मिळतो तो मुख्यतः स्नायूंचा ताण सैल झाल्याने, सांध्याची हालचाल सुधारल्याने आणि वेदनेची संवेदना काही काळ मंदावल्याने.

कोणत्या विकारांत उपयोग?

*कंबरदुखी* – या उपचाराचा सर्वाधिक अभ्यास कंबरदुखीबाबत झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. त्यांपैकी बहुतेकांच्या दुखण्यामागे हाड मोडणे, गाठ किंवा जंतुसंसर्ग यांसारखे विशिष्ट कारण आढळत नाही. स्नायू, अस्थिबंध आणि लहान सांधे यांच्यावरील ताणामुळे उद्‌भवणाऱ्या अशा दुखण्यात हा उपचार करून पाहता येतो. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेच्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी सुमारे १० गुणांचा फरक पडल्याचे त्यात आढळले. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा आढावा २०१९ मध्ये घेण्यात आला, तेव्हा या उपचाराचा परिणाम व्यायामासारख्या अन्य शिफारस केलेल्या उपचारांइतकाच असल्याचे दिसले. याचा अर्थ असा, की हा उपचार अनेक पर्यायांपैकी एक आहे. इतरांहून वरचढ नाही.

ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा उपचार एकट्याने न देता व्यायामासह द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबाबत प्रथमच मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात रुग्णशिक्षण, व्यायाम, मसाज यांच्या बरोबरीने या उपचाराचाही समावेश आहे. याउलट, आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा कमरेचा पट्टा आणि वजन लावणे, म्हणजेच ट्रॅक्शन, हे नेहमीचे उपाय म्हणून वापरू नयेत, असे संघटनेने म्हटले आहे.

*मानदुखी* – बैठ्या कामामुळे, झोपेत मान अवघडल्यामुळे किंवा सतत मोबाइल पाहिल्यामुळे होणाऱ्या मानदुखीत काही प्रमाणात आराम मिळतो. मात्र मानेच्या व्यायामांची जोड नसेल तर तो टिकत नाही. मानेला झटका देण्यातील धोका कमरेच्या तुलनेत अधिक असल्याने हलक्या हाताच्या पद्धतींना प्राधान्य देणे श्रेयस्कर ठरते.

*मानेतून उठणारी डोकेदुखी* – मानेच्या वरच्या सांध्यांतील दोषामुळे डोक्याच्या मागील भागातून कळा पुढे येतात. अशा डोकेदुखीत उपयोग होऊ शकतो. अर्धशिशीबाबत मात्र पुरावा तोकडा आहे.

*सायटिका व सरकलेली चकती* – चकतीचा दाब चेतातंतूवर येऊन कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते, तेव्हा झटक्याने चकती ‘आत बसते’ हा समज चुकीचा आहे. असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. पायातील शक्ती कमी होत असेल तर मणक्याला झटका देणे टाळावे आणि प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कोठे उपयोग नाही?

दमा, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, कानातील संसर्ग, तान्ह्या बाळाचे रडणे किंवा पोटदुखी यांवर हा उपचार गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही. लेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये बालरोगांविषयीच्या अशा दाव्यांवर टीका केली, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये संघटनेने तो मागे घेतला. या प्रकरणानंतर ब्रिटनमधील बदनामीविषयक कायदा बदलण्याच्या मागणीला बळ मिळाले आणि २०१३ मध्ये नवा कायदा झाला. पाठीचा बाक सरळ करणे, झिजलेला मणका भरून आणणे किंवा ‘गॅप’ बुजवणे हेही या उपचाराने साध्य होत नाही.

आधी निदान, मग उपचार

आपल्याकडे पाठदुखीचे एक कारण विसरून चालत नाही. ते म्हणजे मणक्याचा क्षयरोग. हाडांच्या क्षयरोगात मणक्याचा क्षयरोग सर्वाधिक आढळतो. रोगामुळे पोखरलेल्या मणक्याला झटका बसल्यास तो खचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. याउलट वेळीच निदान झाले, तर साधारणतः वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ नियमित औषधे घेऊन हा रोग बरा होतो. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य मिळतात. शाहूपुरीतील रहिवाशांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, जवळच आहे. पाठदुखी हे केवळ श्रमाचे दुखणे मानून महिनोन्‌महिने पाठ दाबून घेत राहिल्यास निदानाचा मोलाचा काळ हातचा जातो.

पुढीलपैकी कोणतेही लक्षण असल्यास पाठ किंवा मान मोडून घेऊ नये; प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी –

- सायंकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे
- पूर्वी झालेला कर्करोग
- हाडांचा ठिसूळपणा, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, अथवा दीर्घकाळ स्टिरॉइडचे सेवन
- संधिवाताभ किंवा मणके जखडणारा संधिवात
- रक्त पातळ करणारी औषधे सुरू असणे
- हातापायातील वाढती बधिरता किंवा अशक्तपणा

लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील नियंत्रण जाणे, जांघा व बैठकीचा भाग बधिर होणे ही लक्षणे तातडीची आहेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मानेबाबत विशेष दक्षता

मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या जातात. मान जोराने फिरवल्यास रोहिणीचे आतील अस्तर फाटून तेथे रक्ताची गुठळी होऊ शकते व पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असे क्वचितच घडते. रोहिणीला इजा झाल्यानेच मान दुखू लागते आणि रुग्ण उपचाराला येतो, असेही काही वेळा होत असल्याने कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड आहे. तथापि, रुग्णाला या संबंधाची कल्पना आधी द्यावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सुचवले. केशकर्तनालयात दाढीनंतर मान मोडून घेण्याच्या सवयीलाही हाच इशारा लागू पडतो.

मान मोडून घेतल्यानंतर चक्कर, तोल जाणे, एकाची दोन दिसणे, जीभ जड होणे किंवा चेहरा बधिर होणे असे काही झाल्यास घरी पडून राहू नये. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

प्रशिक्षण आणि कायदा

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितलेल्या किमान निकषांनुसार पूर्ण वेळ चार वर्षांचे आणि किमान ४,२०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा किंवा परिषद नाही. आयुष पद्धतींमध्येही त्याचा समावेश होत नाही. साहजिकच काही दिवसांच्या शिबिरातून आलेला उपचारक आणि चार वर्षे शिकलेला उपचारक यांच्या पाट्या सारख्याच दिसू शकतात. उपचारकाचे शिक्षण कोठे झाले, त्याची कोणत्या परिषदेकडे नोंदणी आहे, हे विचारण्यात संकोच करू नये. मणक्यांना हाताने चालना देण्याचे तंत्र अनेक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही वापरतात आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे.

उपचार घेताना

चांगला उपचारक आधी पूर्वेतिहास विचारतो, प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्नायूंची शक्ती तपासतो, संभाव्य धोके सांगतो आणि संमती घेतो. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. चार ते सहा आठवड्यांत फरक न पडल्यास तोच उपचार रेटत राहण्यात अर्थ नाही. वर्षभराच्या बैठकांचे पैसे आगाऊ मागितले जात असतील, किंवा डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करण्यास सांगितले जात असेल, तर तेथून बाहेर पडावे.

कंबर धरली म्हणून अंथरुणाला खिळून राहणे हितावह नाही. झेपेल तेवढे चालत राहावे. बैठे काम करणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. ओझे उचलताना कंबरेत न वाकता गुडघे वाकवून ते अंगालगत घ्यावे. पाठ व पोटाच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून रोज करावेत. त्यांना खर्च नाही आणि दुखणे परत येण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.