टोपीतली चिठ्ठी आणि खाणीतली पाळी

डिसेंबर 1943. तुम्ही अठरा वर्षांचे आहात, लंडनच्या एका कचेरीत कारकून आहात आणि तुम्हाला विमानदळात जायचं आहे. त्यासाठी तुम्ही एअर ट्रेनिंग कोअरचे संध्याकाळचे वर्ग कधी चुकवले नाहीत. मोर्स शिकलात, शत्रूची विमानं नुसत्या आकारावरून ओळखायला शिकलात. सैन्यभरतीसाठी नोंदणी केलीत तेव्हा तुम्हाला एक क्रमांक मिळाला. त्याचा शेवटचा आकडा 9 आहे.

14 डिसेंबरला कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या कार्यालयात एका टोपीत 0 ते 9 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. पहिल्याच सोडतीत दोन आकडे निघतात: 0 आणि 9. काही दिवसांत तुमच्या घरी सरकारी लखोटा येतो. तो फोडताना आईचा हात थरथरतो, कारण तिला वाटतं तुम्हाला आघाडीवर बोलावलंय. आत लिहिलेलं असतं की तुम्ही कोळशाच्या खाणीत कामाला जायचं आहे. तुम्ही अपील करता, ते फेटाळलं जातं. हुकूम मोडला तर खटला आणि वेळ आली तर तुरुंग. तुम्ही ट्रंक भरता.

जानेवारी 1944, डरहॅम परगणा. गाडीतून उतरल्यावर आधी वास येतो, धुराचा आणि ओल्या राखेचा. गावाच्या वर खाणीतल्या दगडमातीचे काळे डोंगर उभे आहेत. अर्धगोल पत्र्याच्या बराकीत तुमची सोय होते. शेजारच्या खाटांवर बँकेतला कारकून, खाटकाचा पोरगा, विद्यापीठात जायला निघालेला एक विद्यार्थी. चिठ्ठीने गरीब-श्रीमंत पाहिलेलं नाही.

ॲनफील्ड प्लेनच्या मॉरिसन खाणीत चार आठवडे प्रशिक्षण चालतं. हेल्मेट मिळतं, पोलादी टोकाचे बूट मिळतात. कवायत होते, व्याख्यानं होतात. एका व्याख्यानात शिक्षक तुम्हाला स्टॅफर्डशायरमधल्या स्नीड खाणीबद्दल सांगतात. एरवी नववर्षदिनी खाणकामगार खाली उतरत नाहीत, तो दिवस अशुभ मानतात. पण देशाला कोळसा हवा म्हणून 1 जानेवारी 1942 ला तिथली माणसं कामावर गेली. सुटलेल्या डब्यांनी विजेची तार तुटली, ठिणगीने हवेतली कोळशाची भुकटी पेटली आणि 57 माणसं गेली. वर्गात कोणी हलत नाही. मग शिक्षक फळ्याकडे वळून टेकू कसा लावायचा ते दाखवतात.

पुढे तुमची नेमणूक होते सीहॅमजवळच्या एका खाणीत. इथला कोळशाचा थर उत्तर समुद्राच्या तळाखाली पसरलेला आहे.

पहिली पाळी. पहाटे दिव्यांच्या खोलीत तुम्ही पितळी बिल्ला देऊन दिवा घेता. पाळी संपल्यावर हाच बिल्ला सांगणार, की तुम्ही वर आलात की नाही. एक माणूस तुमचे खिसे चाचपतो. एक आगकाडी सापडली तरी गुन्हा. मग लोखंडी पिंजरा. तुम्ही इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता, घंटी वाजते आणि पायाखालची जमीन सुटते. कानात दडे बसतात. शेजारच्या म्हाताऱ्याला तुमच्याकडे न बघताही सगळं कळलेलं असतं. तो म्हणतो, “आवंढा गिळ पोरा, कान मोकळे होतील.”

कोळसा फोडणं तुमच्या वाट्याला येत नाही. ते वर्षानुवर्षांचं कसब आहे. तुमच्यासारखे बहुतेक जण वाहतुकीवर असतात. रुळांवरचे डबे एकमेकांना जोडायचे, भरलेले बाहेर पाठवायचे, रिकामे आत न्यायचे. काम दिसायला साधं आहे. पण दोन डबे एकमेकांवर आदळायच्या आत आकडा अडकवून हात बाहेर काढावा लागतो, आणि अंधारात दोन्ही डबे सरकत असतात. पहिल्या आठवड्यात तुमची नखं काळीनिळी होतात. तुमच्या जोडीला एक तट्टू आहे. ठेंगण्या बोगद्यात वाकून तुमच्या पाठीचे मणके छताला घासतात, ते मात्र मान खाली घालून बरोबर वळणावर वळतं. म्हातारा सांगतो की हे तट्टू आकड्यांचे खटके ऐकून डबे मोजतं. एक जास्त जोडलास तर पाऊल उचलणार नाही. तुम्ही करून बघता. ते खरंच उचलत नाही.

जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. पत्र्याच्या डब्यात पाव आणि जॅम, कारण कागदात बांधलेलं उंदीर खातात. छताचं लाकूड मधूनच करकरतं. तुम्ही दचकता. म्हातारा म्हणतो, “बोलतंय तोवर ठीक. लाकूड आपल्याला आधी सांगतं.” दिवा बाजूला ठेवून तो बोलू लागतो, आणि इंग्लंडला कोळसा का कमी पडला ते तुम्हाला मंत्रालयाच्या पत्रकापेक्षा इथे नीट कळतं.

1926 मध्ये मालकांनी मजुरी कापली आणि तास वाढवले, त्याच्याविरुद्ध खाणकामगार सात महिने लढले आणि उपाशीपोटी हरले. पुढच्या दशकात डरहॅम आणि वेल्सच्या गावांत माणसं बेकारीत वाढली. म्हाताऱ्याने स्वतःच्या मुलाला निक्षून सांगितलं होतं की तू खाणीत उतरायचं नाहीस. मग युद्ध आलं. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला, इटली शत्रूकडे गेला, परदेशी गिऱ्हाईक तुटलं आणि इथल्या खाणी ओस पडल्या. बेकार झालेली तरणीताठी पोरं फौजेत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेली. तिथे पगार जास्त होता आणि डोक्यावर उजेड होता. मे 1941 मध्ये सरकारला जाग आली, कामगाराने खाण सोडू नये असा हुकूम निघाला. गेलेले मात्र सगळे परतले नाहीत. 1939 मध्ये ब्रिटनने सुमारे 23 कोटी टन कोळसा काढला होता. 1944 मध्ये उघड्या खाणींचा कोळसा धरूनही आकडा 19 कोटींच्या आसपास रेंगाळतो. जमिनीत कोळसा अमाप आहे. माणसं नाहीत, आणि जी आहेत ती थकलेली आहेत.

“केंटमध्ये काय झालं ऐकलंस ना?” म्हातारा विचारतो. जानेवारी 1942 मध्ये बेट्सहँगर खाणीत मजुरीवरून संप झाला. युद्धकाळात संप बेकायदा. तिघा पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, हजारावर कामगारांना दंड ठोठावला. खाण बंदच राहिली. अखेर खाणखात्याचे मंत्री डेव्हिड ग्रेनफेल यांना मेडस्टोनच्या तुरुंगात जाऊन त्या पुढाऱ्यांशी बोलणी करावी लागली. “हजार माणसं तुरुंगात घालता येतात,” म्हातारा म्हणतो, “पण मग कोळसा कोण काढणार?”

हेच दुखणं साम्राज्याच्या दुसऱ्या टोकालाही आहे. हिंदुस्थानातल्या झरियाच्या खाणींतली माणसं जास्त मजुरीच्या लष्करी बांधकामांवर निघून गेली आहेत. म्हणून 1943 मध्ये हिंदुस्थान सरकारने स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली आहे. व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तुमच्या आकड्याची चिठ्ठी निघते त्याच डिसेंबरात ते धनबादच्या कोळसापट्ट्यात जाऊन खाणीत उतरले आहेत, कामगारांची घरं पाहून आले आहेत. बंदी उठवण्याच्या निर्णयाचं समर्थन विधिमंडळात त्यांनाच करावं लागतं. खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूमही 1944 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत निघतो. स्त्रियांवरची बंदी 1946 मध्ये पुन्हा लागू होते.

एका रविवारी तुम्ही सीहॅमच्या बंदरावर जाता. तुम्ही जोडलेले डबे इथे रिकामे होतात. कोळसा घसरगुंडीवरून धडधडत जहाजाच्या पोटात पडतो आणि धक्क्यावर काळा धुरळा उठतो. इथून लंडनपर्यंतची वाट जर्मन टॉर्पेडो बोटींची आणि पाणसुरुंगांची आहे. 1940 च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीत कोळशाच्या ताफ्यांवर जर्मन विमानांनी झडप घातली तेव्हा किती जहाजं तळाला गेली, हे इथला प्रत्येक खलाशी सांगतो. यातली काही जहाजं मुद्दाम बुटकी बांधली आहेत. धुराडं आणि डोलकाठी आडवी करून ती टेम्सच्या पुलांखालून थेट वरच्या वीजकेंद्रांपर्यंत जातात. बॅटरसीची वीज, बेक्टनचा गॅस, तुमच्या आईच्या चुलीखालची निळी ज्योत, सगळं या वाटेने जातं. आंघोळीच्या टबात पाच इंचांहून जास्त गरम पाणी घेऊ नका, असं सरकार लोकांना का सांगतं, ते तुम्हाला इथे उमगतं. त्यानंतर सोमवारची पाळी तुम्हाला शिक्षा वाटत नाही.

पण गावात गणवेशाशिवाय फिरणं अवघड आहे. लंडनला सुट्टीवर आलात की पोलीस अडवून कागद मागतात. बसमध्ये एक बाई मुद्दाम मोठ्याने म्हणते, “माझा मुलगा इटलीत लढतोय.” तुम्ही हात खिशात घालता. बोटांच्या पेरांवर जखमांत कोळसा राहून निळ्या रेघा उमटल्या आहेत, आणि तुम्हीही लढताय हे त्यांच्यावरून ओळखणारं त्या बसमध्ये कोणी नाही.

मे 1945 मध्ये युरोपातलं युद्ध संपतं. तुमची सुटका होत नाही, कारखान्यांना कोळसा हवाच आहे. 1 जानेवारी 1947 ला खाणीच्या दारावर नवी पाटी लागते: ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवणार. निळा झेंडा वर चढतो. म्हातारा टोपी काढून उभा राहतो आणि उघडपणे रडतो. त्याने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते त्याच्या निवृत्तीच्या तोंडावर आलं आहे.

तुमच्यातले शेवटचे तरुण 1948 मध्ये घरी जातात. सुमारे 48,000 जणांना ना पदक, ना जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क. लोक त्यांना ‘बेव्हिन बॉइज’ म्हणतात आणि विसरतात. 1995 मध्ये महाराणी एलिझाबेथ भाषणात त्यांचा उल्लेख करतात. सरकारी सन्मानचिन्ह 2008 मध्ये येतं, तेव्हा ज्यांना ते लावायचं त्यांतले कितीतरी जण उरलेले नसतात.

एवढ्या उशिरा झालेला गौरव चांगलाच, पण मोठी चूक त्याच्या खूप आधीची आहे, युद्धापूर्वीच्या वीस वर्षांतली. ज्या देशाने शांततेत खाणकामगाराला उपाशी ठेवलं, त्याला युद्धात अठरा वर्षांच्या पोरांना सक्तीने खाली पाठवावं लागलं. मेहनतीची मजुरी, सुरक्षितता आणि मान ही रोजच्या रोज चुकती करायची देणी आहेत. ती थकवली, की गरज पडेल तेव्हा कसबी माणूस हुकूम काढून उभा करता येत नाही.