तापीकाठची तहान

वाळवंट म्हटलं की वाळूचे ढीग आणि उंट आठवतात. आमच्या शिंदखेड्यात वाळू नदीत आहे. तहान मात्र गावात. हे वाळवंट नव्हे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला अवर्षणाचा टापू. ढग घाटावरच रिते होतात. इकडे वर्षाकाठी जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी.

उत्तरेला तापी वाहते. पण तिचे काठ इतके उंच, की पाणी डोळ्यांना दिसतं, शेताला मिळत नाही. म्हणून जुन्या खानदेशाने भिस्त ठेवली ती तिच्या उपनद्यांवर. साक्री-धुळ्याकडून येणारी पांझरा याच तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. तिच्या वरच्या अंगाला शेकडो वर्षांपूर्वी बंधारे बांधले गेले आणि फडपद्धत रुजली. गावाचं भिजणारं रान फडांत विभागायचं, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकऱ्याने द्यायचं. नदी आटली, तर भिजणारं रानही कमी करायचं. तूट एकट्याची नसे, गावाची असे.

पुढे विहिरींवर मोटारी आल्या, बोअर आले. ज्याच्या रानात पाणी लागलं, ते त्याचं झालं. फड विस्कटले. 1972च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला बसली.

आता तापीवर सुलवाड्याचा बॅरेज आहे. तिथलं पाणी उचलण्यासाठी 2019 मध्ये सुलवाडे-जामफळ योजनेची पायाभरणी झाली. पाणी उंच काठ चढेल; पण ते टोकाच्या शेतापर्यंत कोण पोहोचवणार? त्यासाठी पंपाबरोबर पाटकरीही लागेल.