हाताच्या पेरांवरील स्तोत्र

मुलांस नवे स्तोत्र कसे शिकवावे, हा प्रश्न महोत्सवाच्या स्मरणिकेत चर्चिण्याइतका थोर आहे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, ह्याची हकीकत इतर पृष्ठांवर आलीच आहे. तथापि ह्या लहानशा प्रश्नाने ख्रिस्तसभेस शतकानुशतके श्रम दिले आहेत. आणि त्याचे सर्वांत नामी उत्तर ज्या मठवासीयाने शोधून काढले, त्यास त्यापायी स्वतःच्या मठातून बाहेर पडावे लागले. ती हकीकत आम्ही येथे सांगतो.

अकराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील मठांत व कॅथीड्रलांत मुलांस गायन शिकवण्याची रीत एकच होती. गुरूने गावे, मुलांनी ऐकावे, आणि कंठस्थ होईपर्यंत घोकावे. पोथ्यांतून शब्दांच्या माथ्यावर काही खुणा काढलेल्या असत खऱ्या. परंतु स्वर चढतो की उतरतो एवढेच त्यांवरून समजे, किती चढतो व किती उतरतो हे समजत नसे. म्हणजे ज्यास चाल आधीच ठाऊक, त्यालाच त्या खुणांचा उपयोग! वर्षभराच्या सणांची शेकडो गीते अशी पाठ करण्यात मुलांचे बालपण सरे, पवित्र शास्त्राचे अध्ययन मागे पडे; आणि गुरू अंथरुणास खिळला की त्याच्याबरोबर विद्याही अंथरुणास खिळे. इतके करूनही न ऐकलेले एखादे साधे पद त्या मुलांस स्वतः होऊन गाता येत नसे.

फेरारा शहराजवळ पोम्पोसा येथे बेनेडिक्ट संघाचा मठ होता. सुमारे ९९१ साली जन्मलेला ग्वीदो हा तेथील मठवासी. आपला सोबती मिखाएल ह्याच्या साह्याने त्याने गायन शिकवण्याची नवी तऱ्हा काढली. ती जसजशी फळास येऊ लागली तसतसा मठबंधूंचा मत्सर वाढत गेला. पुढे मिखाएलला लिहिलेल्या पत्रात ग्वीदोने न फुटणारी काच घडवणाऱ्या एका कारागिराची गोष्ट सांगितली आहे: रोमी सम्राटापुढे ती अपूर्व वस्तू ठेवताच बक्षिसाऐवजी त्यास मृत्यू मिळाला. ग्वीदोवर तशी पाळी आली नाही. सुमारे १०२५ साली तो आरेत्सो नगरीत गेला, व तेथील बिशप तेओदाल्द ह्यांनी कॅथीड्रलातील गायकांचे शिक्षण त्याजवर सोपवले. आश्रयदाता सुज्ञ असला म्हणजे केवढे कार्य होते, ह्याचे हे उदाहरण होय.

त्याची युक्ती अशी. संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे २४ जूनच्या सांजप्रार्थनेत गायचे एक लॅटिन स्तोत्र आहे. त्याचे शब्द आठव्या शतकातील पॉल डीकन ह्यांचे मानले जातात. चाल मात्र ग्वीदोनेच ह्या कामासाठी रचली वा बेतली असावी, असा पंडितांचा कयास आहे. पहिल्या कडव्यातील सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्या चरणाहून एक पायरी वरच्या स्वरावर सुरू होतो. त्या चरणांची आद्याक्षरे उत, रे, मी, फा, सोल, ला. हे एक स्तोत्र मुलांस पक्के पाठ करवायचे. मग नवे गीत पुढे आले की मुलाने मनात विचारायचे, हा स्वर माझ्या ओळखीच्या कोणत्या चरणाच्या आरंभासारखा आहे? ओळखीच्या हाताला धरून अनोळखी घरात शिरावे तसेच हे. काही मुले तीन दिवसांच्या आत न ऐकलेले गीत बिनचूक गाऊ लागली, असे ग्वीदो त्याच पत्रात लिहितो.

कानास डोळ्यांची जोड हवी, म्हणून त्याने पोथीत आडव्या रेघा आखल्या. त्यांतील फा स्वराची रेघ कुंकवासारखी लाल व वरच्या उत स्वराची हळदीसारखी पिवळी. ह्या दोहोंच्या लगेच खाली अर्ध्या स्वराचे अंतर असते. म्हणजे पाऊल कोठे आखूड टाकावयाचे, हे मुलास रंगावरूनच कळे.

आणि मग हात. डाव्या पंजाची पेरे व बोटांची टोके मिळून एकोणीस स्थाने होतात, व प्रत्येक स्थानी एक स्वर बसवलेला असे. अंगठ्याच्या टोकापासून सर्वांत खालचा स्वर सुरू होतो. तेथून अंगठ्याच्या मुळाशी, मग चारही बोटांच्या मुळांवरून करंगळीपर्यंत, करंगळीने वर, बोटांच्या टोकांवरून तर्जनीकडे, आणि पुन्हा खाली वळून आतल्या पेरांत, असा शंखाच्या वळणाचा हा मार्ग आहे. विसाव्या स्वरास जागाच उरत नाही. तो मधल्या बोटाच्या वर, हवेत. गुरूने उजव्या हाताच्या बोटाने एकेका पेरास स्पर्श करावा व मुलांनी तो तो स्वर गावा. ग्वीदोच्या स्वतःच्या उपलब्ध ग्रंथांत ह्या हाताचे चित्र मिळत नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होय. परंतु बाराव्या शतकाच्या आरंभापासून परंपरेने त्याचे श्रेय त्यासच दिले आहे, व युरोपातील असंख्य मुले पुढे कित्येक शतके ह्याच पंजावर गायन शिकली. आपल्या देशातील सामगायकही अंगठ्याने बोटांच्या पेरांस स्पर्श करून स्वर दाखवीत आले आहेत, व नारदीय शिक्षा ह्या ग्रंथात त्याचा विधी दिलेला आहे. एकमेकांस न पाहिलेल्या दोन परंपरांनी एकच पाटी निवडावी, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

ग्वीदोची कीर्ती पोप एकोणिसावे योहान ह्यांच्या कानी गेली व त्यांनी त्यास रोमला बोलावले. पोपमहाशयांनी ती रेघांची पोथी चाळली, शंका विचारल्या, आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता आल्यावाचून ते जागचे हलले नाहीत. आरेत्सोच्या मुलांचा धडा प्रत्यक्ष पोपांनी गिरवला! रोमचा उन्हाळा न मानवल्यामुळे ग्वीदो तेथे फार काळ राहिला नाही.

ही स्वराक्षरे पुढे पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागली. १५४२ साली गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेवियर हाती घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांस गोळा करीत व धर्मतत्त्वे गाऊन शिकवीत. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले, तेही ओवीबद्ध, अर्थात कंठाने म्हणण्यासाठी. गोव्यातील देवळांना जोडलेल्या शाळांत मेस्त्र, म्हणजे गायनगुरू, मुलांस प्रार्थनेबरोबर स्वरलिपी व फिडल शिकवीत. त्याच शिक्षणाच्या शिदोरीवर विसाव्या शतकात गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत जाऊन बसले. समोरचा कागद पाहून वाजवणारे लोक तेथे हवे होते.

इंग्लंडात नॉरिच येथील सेरा ग्लोव्हर ह्या बाईंनी मुलांसाठी स्वरांची शिडी केली. तिचा विस्तार करून जॉन कर्वेन ह्या प्रॉटेस्टंट पाळकाने १८७० साली हातांच्या खुणा बसवल्या. मूळ स्वरास मूठ, मी स्वरास आडवा तळवा, फा स्वरास खाली रोखलेले बोट. चांगली वस्तू शेजाऱ्याच्या घरची असली म्हणून ती घेऊ नये असे आम्हांस वाटत नाही. पोप दहावे पायस ह्यांनी १९०३ साली देवळातील संगीताविषयी आज्ञापत्र काढले, त्यानंतर अमेरिकेत जस्टिन वॉर्ड ह्या बाईंनी कॅथलिक शाळांतील मुलांसाठी अंक व हातवारे ह्यांची पद्धत रचली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीत होऊ लागली व नव्या मराठी गीतांचा ओघ सुरू झाला. गीते पुष्कळ, पण शिकवण्याची रीत फिरून ग्वीदोच्या आधीच्या काळात गेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुरूच्या जागी आता मोबाइल गातो; मुले ऐकतात व घोकतात; आणि यंत्र बंद पडले की गायनवृंद एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

म्हणून महोत्सवाच्या नव्या गीतासाठी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांस डावा पंजा कागदावर ठेवून त्याची आकृती काढावयास सांगितली व पेरांवर स्वर लिहवून घेतले. देवळाच्या ओसरीत लाल व पिवळी दोरी ताणली आणि स्वर गात त्यांवरून पावले टाकवली. पहिल्या दिवशी हसणेच अधिक झाले. दुसऱ्या रविवारी धाकट्या मुलांनी मधले कडवे, जे त्यांस कोणीही म्हणून दाखवले नव्हते, बोटे मोजीत स्वतः काढले. मोठी मुले अजून दोरीवर अडखळत होती. गीताची चाल सहा स्वरांतच फिरते, त्यामुळे हवेतल्या विसाव्या स्वरापर्यंत जाण्याची गरज कोणास पडली नाही.