वाळूतील 'रातकिड्या'चे पुनर्वर्गीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कीटकशास्त्रात एखाद्या जातीचे नाव बदलणे ही केवळ शाब्दिक घडामोड नसते. त्यामागे निरीक्षणाची दिशा बदललेली असते. नदीकाठच्या वाळूत बिळे करून राहणारा 'शिझोडॅक्टिलस मॉन्स्ट्रोसस' हा भारतीय कीटक याचे बोलके उदाहरण होय.

1770च्या दशकात इंग्रज कीटकसंग्राहक ड्रू ड्रुरी यांनी त्यास 'ग्रिलस मॉन्स्ट्रोसस' असे नाव दिले. लिनियस यांच्या 1758च्या मांडणीत टोळ, नाकतोडे व रातकिडे या सर्वांचा समावेश 'ग्रिलस' या एकाच वंशात होता. 1835 मध्ये फ्रेंच अभ्यासक ब्रुले यांनी या कीटकासाठी 'शिझोडॅक्टिलस', म्हणजे 'दुभंगलेली बोटे', हा स्वतंत्र वंश स्थापिला. त्याच्या पावलांना रुंद पाळ्या असतात. खऱ्या रातकिड्याच्या पावलास तीन खंड असतात, तर याच्या पावलास चार. पंखांची टोके गुंडाळलेली असतात. पुढील पायांवर श्रवणपटल नसते. या वेगळेपणामुळे पुढे त्यास स्वतंत्र कुलाचा दर्जा मिळाला.

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना यांच्या वाळूकाठी कीटकनमुने गोळा करताना हा इतिहास स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे. केवळ लांब मिशा पाहून 'रातकिडा' अशी चिठ्ठी लावल्यास चुकीची नोंद सूचीत रूढ होते. आणि वाळूउपशाने अधिवासच नष्ट झाल्यास ती पडताळण्यासाठी नवा नमुना मिळत नाही. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पावलाचे खंड मोजावेत आणि नमुना जतन करावा.