इस्लाह, टपाल आणि एक वही

येडशीच्या स्टेशनावर थांबणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आमच्या पिढीने पाहिली आहे. अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी धावू लागली आणि 1911 मध्ये येडशीवरून लातूरपर्यंत गेली. बार्शी इंग्रजांची, येडशी निजामाची. एकाच प्रवासात राज्य बदले, नाणे बदले आणि टपालाचे तिकीटही बदले; हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे 1869 पासून होती. आम्हाला त्या टपालाचे कुतूहल आहे ते वेगळ्याच कारणाने. त्या काळी टपालाने कविता दुरुस्त होऊन येत.

उर्दूत याला इस्लाह म्हणतात. शागिर्दाने गझल पाठवायची, उस्तादाने शब्द बदलून, वजन नीट करून ती परत करायची. गालिब दिल्लीत बसून हेच करीत. त्यांचे लाडके शागिर्द हरगोपाल तफ्ता हिंदू होते, हे आजच्या दिवसांत मुद्दाम सांगावेसे वाटते. रामपूरच्या नवाबांच्या गझलाही गालिबकडे येत आणि 1859 पासून त्यांना तिथून दरमहा शंभर रुपये मिळत. तफ्तांसारख्यांची इस्लाह मात्र स्नेहापोटीच चाले.

पुढे ही गादी आमच्या राजधानीत आली. दाग देहलवी हैदराबादला आले, निजाम महबूब अली खान यांचे उस्ताद झाले आणि 1905 मध्ये तिथेच वारले. हिंदुस्थानभरातून त्यांच्याकडे इतक्या गझला येत की त्यासाठी वेगळी माणसे ठेवून जणू एक खातेच चालवावे लागे. विद्यार्थीदशेतल्या इकबालनेही पंजाबातून त्यांना गझला पाठवल्या. थोड्याच दिवसांत दागनी कळवले की, यात आता दुरुस्तीला फारसा वाव नाही. शागिर्दाला मोकळे करणे हाही उस्तादीचाच भाग होता. ज्या उस्मान अली खान यांच्या नावावरून आमचा जिल्हा उस्मानाबाद झाला (2023 मध्ये तो पुन्हा धाराशिव झाला), ते निजामही आपल्या गझला जलील माणिकपुरींना दाखवत. राजानेही वही पुढे करायची, असा तो रिवाज.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हे छत्र नव्हते. त्याच्या वाट्याला आले ते संपादकांचे ‘साभार परत’. शाहीर अमर शेख याच लाइनवरच्या बार्शीचे. त्यांची इस्लाह बहुधा समोरच्या गर्दीनेच केली असावी. मराठी गझलेत मात्र सुरेश भटांनी हे काम अंगावर घेतले. नव्या कवींना तंत्र कळावे म्हणून त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, ती टपालाने गावोगाव पाठवली, पत्रांतून चुका दाखवल्या. उर्दूतली ही रीत मराठीत आणली ती अमरावतीच्या एका भटाने! आम्हाला याचा आनंद आहे, थोडी शरमही आहे.

1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्याला व्यासपीठ मिळाले, कविसंमेलने मिळाली. दाद भरपूर मिळते. पण घरी बसून दुसऱ्याची वही ओळीओळीने वाचणारे किती?

आम्ही ते ठरवले होते. ओळखीच्यांना सांगितले, काही लिहीत असाल तर आणा, वाचून देऊ. गावातली एक मुलगी कथेची वही घेऊन आली. कथेतली दादी दखनीत बोलत होती. ‘नक्को’, ‘कायकू’, ‘हौ’. आम्ही तांबड्या शाईने सगळे नीट मराठी करून दिले. ‘नक्को’तला एक क काढला. दादीच्या तोंडी ‘कशासाठी’ घातले. मुलीने वही घेतली, ‘शुक्रिया, चाचा’ म्हणाली आणि पुन्हा आली नाही.

कितीतरी दिवसांनी चूक ध्यानात आली. कथा सुधारण्याच्या नादात आम्ही दादीलाच घराबाहेर काढले होते. मागच्या ईदला ती मुलगी सासरहून आलेली भेटली. वही आहे का, विचारले. आहे म्हणाली. आम्ही ती परत मागितली आहे, आणि या वेळी पेन्सिल घेऊन बसणार आहोत.