काटकसरीतली कसर

'काटकसर म्हणजे काय?' असे वर्गात विचारले की 'कमी खर्च करणे' हे उत्तर लगेच येते. 'मग कंजूषपणा म्हणजे?' यालाही मुले जवळजवळ तेच उत्तर देतात. फरक आहे हे त्यांना जाणवते, पण सांगता येत नाही. अशा वेळी शब्दच फोडून पाहावा.

काट म्हणजे छाटणी. कसर मात्र अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आली. तिथे तिचा मूळ अर्थ मोडणे, तुटणे. अरबी गणितात अपूर्णांकालाही हाच शब्द आहे; इंग्रजीतल्या 'फ्रॅक्शन'चे लॅटिन मूळही मोडण्याचेच. मराठीत कसर म्हणजे हिशेबातली बारीक तूट, आणि गंमत म्हणजे हिशेबात सुटलेला बारीक नफासुद्धा. ताप उतरल्यावर अंगात रेंगाळते तीही कसरच. (कपड्यांना लागणारी कसर ही कीड. तिचे नाते इथे जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.) म्हणजे काटकसर करणारा खर्चापेक्षा तुकड्यावर नजर ठेवतो.

हा तुकडा जातो कुठे, हे भंडाऱ्यात छान दिसते. पितळी भांड्यांसाठी हे गाव जुन्या काळापासून नावाजलेले. 'भाणे' म्हणजे पितळेचे ताट, त्यावरूनच गावाचे नाव पडले असेही सांगतात. भांडी घडवणारे ते कासार. हा शब्द संस्कृत 'कांस्यकार'वरून आलेला, कसरीशी त्याचा संबंध नाही. स्टील आल्यावर धंदा आटला, पण जुने भांडे मोडीत देऊन नवे घेण्याची रीत घरोघर ठाऊक आहे. मोडीच्या वजनातून दुकानदार 'घट' कापतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. कुरकुरण्याला कधी कधी कारणही असते. पण सगळी घट काही लबाडीची नसते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर शुद्ध जस्त ९०७ अंशांना उकळू लागते. नेहमीचे पितळ वितळायला साधारण ९०० ते ९५० अंश लागतात. त्यामुळे दर वितळणीत थोडे जस्त वाफ होऊन निसटते आणि हवेत जळून त्याचा पांढरा धूर होतो. मुशीतल्या रसावर कोळशाच्या भुकटीचा थर ठेवला की ही घट कमी होते. भट्टीवरची काटकसर ती हीच.

नाण्यांतही अशी वितळणी एकदा झाली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत; आता १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नसल्याने सरकारी तक्त्यात आण्याला ६, दोन आण्यांना १२ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे ठरले. आता मुलांना फळ्यावर गणित घालावे. सोळा आणे एकेक करून मोडले तर किती मिळतील? ९६ नवे पैसे. चार पैसे गेले! आणि जुने ६४ पैसे एकेक करून मोडले तर? एक पैसा म्हणजे १.५६ नवे पैसे, तक्त्यात त्याला २. म्हणजे निदान कागदावर १२८. तूट आणि नफा असे कसरीचे दोन्ही अर्थ एकाच तक्त्यात निघतात. आठवडी बाजारात आण्या-दोन आण्यांचा भाजीपाला घेणाऱ्याला या पावाचा विसर पडणे परवडणारे नव्हते. जो रोज एकेक आणाच मोडतो, त्याची कसर पावलीवाल्यापेक्षा लवकर साठते. त्याने पै-पैचा हिशेब ठेवला तर त्याला कंजूष म्हणणे आम्हाला तरी पटत नाही.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. दुकानाच्या छापील बिलात मात्र शेवटच्या बेरजेआधी 'राउंड ऑफ' अशी एक ओळ पुष्कळदा असते. महिनाभराची बिले मुलांना घरून आणायला सांगावीत आणि त्या ओळीतले अधिक-उणे वेगवेगळे मांडून बेरीज करायला लावावी.