कुकरच्या शिट्टीला घाबरणारे मूल: हट्ट की संवेदनांचा त्रास?

कुकरची शिट्टी होताच तुमचे मूल कान दाबून रडते का? कपड्याचे लेबल टोचते म्हणून शर्ट काढून टाकते, केस कापताना किंचाळते? तो हट्टच असेल असे नाही. काही मुलांना आवाज, स्पर्श, चव इतरांपेक्षा तीव्र जाणवतात. काहींना उलट कमी जाणवतात. अशी मुले सतत उड्या मारतात, गोल फिरतात, मुद्दाम आदळतात.

घरी काय कराल?
- मिक्सर लावण्याआधी मुलाला सांगा.
- लेबल कापा, मऊ सुती कपडे घाला.
- नवा पदार्थ आधी हाताळू द्या. जबरदस्तीने भरवू नका.
- गर्दीत त्रास झाल्यास रागावू नका, शांत जागी न्या.

डॉक्टरांना कधी दाखवाल?
खाणे, झोप किंवा शाळा यांत अडथळा येत असेल, बोलणे उशिरा येत असेल किंवा मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. ते मुलाची श्रवणतपासणी करून घेतात आणि स्वमग्नतेची लक्षणे आहेत का तेही पाहतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट खेळांमधून मुलाला मदत करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

‘मोठे झाल्यावर सुटेल’ म्हणून थांबू नका.